गिरणेकाठी लेव्हल जुळवताना

आम्ही जुने ओव्हरसियर लोक कुणाच्या लग्नात भेटलो की आधी शुगर आणि बीपीचं बोलणं होतं, आणि मग सर्व्हे कॅम्पचे किस्से निघतात. आयुष्यभर कालवे काढले, रस्ते केले, पूल बांधले, त्यांचं कुणी काही सांगत नाही. कॅम्पचं मात्र प्रत्येकाकडे काहीतरी असतंच, आणि दर लग्नात त्यात भर पडते. फरक एवढाच, की बाकीचे हसत सांगतात आणि मला सांगताना अजून घाम फुटतो.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी दुसऱ्यांदा बसलो होतो. आदल्या वर्षी कॅम्पात माझी लेव्हल जुळली नाही म्हणून नापास. आमचे आबा अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये होते. त्यांनी धरणगावच्या एका कापूसवाल्या शेठजींच्या पेढीवर माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती. "या खेपेला राहिलास तर तिकडे," एवढंच म्हणाले. आबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

लेव्हल म्हणजे तिवईवरची दुर्बीण. लांब कुणीतरी आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहतं, तिला स्टाफ म्हणतात. दुर्बिणीतून त्यावरचा आकडा वाचायचा आणि जमिनीचा चढउतार काढायचा. एका पक्क्या खुणेपासून निघायचं, फिरून परत त्याच खुणेवर यायचं. निघताना खुणेची जी उंची, तीच परत येताना आली पाहिजे. थोडा फरक चालतो. जास्त आला की गेलं सगळं!

कॅम्प भडगावजवळ गिरणेच्या काठी, एका शाळेच्या खोल्यांत होता. आमची तिघांची पार्टी. मी, रावेरकडचा केळीवाल्यांचा भास्कर आणि धरणगावचा प्रकाशचंद, ज्याच्या घरी तीन पिढ्या कापडाचं दुकान. शिकवायला वाणी सर. ते कधी आवाज चढवत नसत. काम बघायचे, वही परत द्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा करा." या दोन शब्दांना सगळा कॅम्प टरकून होता.

* * *

त्या काळच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. डोकं खाली, पाय वर. आकडेही उलटे, आणि ते वरून खाली वाचायचे. मला ते काही केल्या जमेना. पहिल्या दिवशी मी इतका रडवेला झालो, की जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. आकडे कसे स्वच्छ, सरळ दिसायला लागले. मला वाटलं, डोळा सरावला. दिवसभर भराभर वाचले, भराभर लिहिले. संध्याकाळी गणित केलं तर नदीचं पात्र गावातल्या देवळाच्या कळसाच्या वर निघालं.

स्टाफ भास्करच्या हातात होता. त्याला विचारलं, तर तो अगदी मायेनं म्हणाला, "तुला उलटं दिसतं म्हणून काल रडत होतास ना? मंग आज मीच उलटा धरला."

वाणी सरांनी वही बघितली आणि नेहमीचे दोन शब्द बोलले.

* * *

मग साखळी. जमिनीवर लांबी मोजायची तर लोखंडी साखळी ताणायची. पुढचा माणूस साखळी संपेल तिथे एक लोखंडी बाण रोवतो, मागचा तो उपटून घेतो. शेवटी मागच्याच्या हातात जितके बाण, तितक्या साखळ्या.

मागे प्रकाशचंद होता. दुकानातला पोरगा, मोजण्यात चुकणार नाही म्हणून त्यालाच मुद्दाम मागे ठेवलं होतं. शेताच्या त्या टोकाला पोचलो तर त्याच्याकडे आम्हाला दिले त्यापेक्षा एक बाण जास्त. आधीच्या पार्टीचा विसरलेला बाण यानं वाटेत उचलला होता. एक वजा करावा, तर पुढची साखळी आपल्या बाणापासून धरली की त्या परक्या, ते त्याला आठवेना.

मी कपाळाला हात लावला. प्रकाशचंद शांतपणे म्हणाला, "कमी आले असते तर शोधलं असतं. जास्त आल्यावर कोण शोधतं?"

शेताचा मालक बांधावर बसून हे ऐकत होता. शेत साखळीभर लांब झालंय एवढं त्याला कळलं. तो लगबगीनं उठून माझ्याजवळ आला. "ऱ्हाऊ द्या ना भाऊ," तो म्हणाला, "तुमनं काय जास?"

त्याचं काही जात नव्हतं हे खरं, माझं वर्ष जात होतं. भर उन्हात पुन्हा साखळी ओढली.

* * *

होकायंत्राच्या दिवशी तर उत्तर दिशाच ठिकाणावर राहीना. एका खुणेवरून एक कोन, तिथून उलटा बघितला तर भलताच. कागदावर रेघा काढल्या तर निघालो तिथे परत यायच्या ऐवजी आम्ही नदी ओलांडून पलीकडच्या मळ्यात जाऊन पडलो. मी एव्हाना इतका घाबरलो होतो, की मला वाटलं माझेच डोळे गेले.

वाणी सर आले. ऊन कडक होतं आणि यंत्र तापू नये म्हणून प्रकाशचंद सकाळपासून त्यावर छत्री धरून उभा होता. चांगली दणकट, लोखंडी दांड्याची छत्री, घरच्या दुकानातली.

"छत्री घेऊन त्या बाभळीपाशी जाऊन उभा राहा," सर म्हणाले.

प्रकाशचंद गेला. होकायंत्राची सुई हळूच वळली आणि उत्तरेला जाऊन बसली. प्रकाशचंद मात्र दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. एवढी सेवा केली आणि दोष आपल्यालाच, असं त्याचं म्हणणं.

* * *

शेवटचं काम लेव्हलचं, आणि पास-नापास त्यावरच. गावाबाहेरच्या मोरीच्या दगडावरून निघायचं, गावातून नदीच्या घाटापर्यंत जायचं आणि परत मोरीवर यायचं. वाटेत एका म्हाताऱ्या अक्कांचा दगडी ओटा होता. त्यावर आम्ही स्टाफ टेकवला.

अक्का बाहेर आल्या. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. तुमच्या ओट्याची उंची काढतोय, मी सांगितलं.

"मंग पूर उना ते पानी मना ओटावर ई का?"

पूर आला तर पाणी ओट्यावर चढेल का, हा विचार आमच्या डोक्यातही आला नव्हता. तोवर आकडे म्हणजे मार्क होते. घाटावर जुन्या पुराची रेघ कोरलेली होती, तिची उंची काढली की अक्कांना उत्तर मिळणार होतं. आणि आमचा आकडा चुकला तर अक्कांना उत्तरही चुकीचं मिळणार होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा नापास होण्यापेक्षा वेगळी भीती वाटली. मी प्रत्येक आकडा दोनदा वाचला. भास्करनं स्टाफ असा सरळ धरला, की त्याच्या मानेला रग लागली.

मोरीवर परत आलो, बेरीज-वजाबाकी केली. फरक आला शून्य.

अगदी शून्य! मी पुन्हा केली, प्रकाशचंदनं केली, तरी शून्यच. अक्कांचा ओटा पुराच्या रेघेच्या चांगला हातभर वर निघाला. परत जाताना त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "पक्कं शे ना?" मी छाती काढून हो म्हणालो.

* * *

आनंद संध्याकाळच्या चहापर्यंतच टिकला. शेजारच्या पार्टीतल्या पोरांनी वही बघितली आणि त्यांचे चेहरेच उतरले.

"शून्य? वेडा आहेस का? सर म्हणतील आकडे बनवले." ते स्वतः दोन दिवस झाडाखाली बसून आकडे बनवत होते, आणि दिसायला बरा म्हणून त्यांनी थोडा फरक मुद्दाम ठेवला होता. "एखादा आकडा बदल. जरासं चुकलेलं दाखव, म्हणजे खरं वाटेल."

आदल्या वर्षी फरक फार आला म्हणून बुडालो, आता फरकच नाही म्हणून बुडणार! खरं काम पटावं म्हणून त्यात खोटी चूक घालायची का? भास्कर म्हणाला घाल. प्रकाशचंद म्हणाला, तूच ठरव. मी पेन्सिल घेऊन वहीसमोर बसलो आणि हात पुढे जाईना. अक्कांना पक्कं म्हणून आलो होतो. शेवटी वही तशीच दिली.

सरांनी पान उलटलं, परत मागे आले, चष्मा काढून पुसला.

"माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत शून्य आलेलं नाही," ते म्हणाले. "उद्या मी स्वतः वाचतो. तू लिहून घे."

दुसऱ्या दिवशी सरांनी दुर्बिणीला डोळा लावला. सबंध कॅम्प आपलं काम टाकून लांबून बघत होता. सर आकडा सांगायचे, मी लिहायचो. मोरी, गाव, अक्कांचा ओटा, घाट, आणि परत. ऊन चढलं तसा स्टाफ दुर्बिणीत हलायला लागला असावा, सर डोळे चोळत होते. माझं लक्ष रकान्यांवर होतं, आणि घाटावरून परत निघताना कालच्या उंचीशी ताडून बघितलं तेव्हाच मला दिसलं की हे काही जुळायचं नाही.

मोरीवर आलो. मी वजाबाकी केली.

"किती?" सरांनी विचारलं.

मी वही पुढे केली. सरांनी स्वतः बेरीज केली. पुन्हा केली. फरक वीतभर होता, आदल्या वर्षी मी नापास झालो त्याहूनही जास्त. मागे भास्कर स्टाफ धरून पुतळ्यासारखा उभा होता.

सरांनी ते पान वहीतून सावकाश फाडलं, घडी करून खिशात टाकलं आणि वही मला परत दिली.

"कालचंच ठेव," ते म्हणाले.