पडद्यापलीकडचे डॉक्टरसाहेब

आणि वर मलाच दम देतात! "बाई, साठीचा गौरवग्रंथ आहे, चांगलं चांगलं लिहा, आजाराचं नाव काढू नका," असं सत्कार समितीच्या चिटणीसांनी मला दोनदा बजावलं. अहो, ज्यांची सगळी हयात आजाऱ्यांत गेली त्यांच्यावर आजाराचं नाव न काढता मी काय लिहू? त्यांच्या टोपीवर लिहू? डॉक्टर केशवराव सातोनकर यांच्या हिंगोलीच्या दवाखान्यात बायांच्या बाजूचं काम मी बघते. शाळा मी बाहेरूनच पाहिली. तरी लिहिते आहे, आणि मला येतं तसं लिहिते आहे. यात कोणी काटछाट केली तर सत्काराच्या दिवशी सगळ्यांदेखत उभी राहून तोंडानं सांगेन.

डॉक्टरसाहेबांची न माझी पहिली ओळख म्हणजे भांडण. माझी थोरली बहीण कौसाबाई वसमतजवळच्या हट्टा गावाला दिलेली. तिच्या छातीत गाठ झाली. घरात कोणाला बोलली नाही, रोज हळद उगाळून लावायची न वरून पदर ओढून घ्यायची. हळद काढायचे दिवस होते. "एवढी हळद शिजू द्या, वाळू द्या, मंग बघू," असं करता करता गाठ फुटली. तेव्हा कुठं तिला बैलगाडीनं वसमतला न तिथून रेल्वेनं हिंगोलीला आणलं. डॉक्टरसाहेबांनी बघितलं, मला बाजूला घेतलं न म्हणाले, "हा कॅन्सर आहे. याला माझ्यापाशी आज औषध नाही. दुखणं कमी करता येईल, तेवढं मी करतो."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "औषध न्हाई, तर दारावर पाटी काहून लावली? काढून टाका की!"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "काढू. आधी तुमच्या बहिणीला पाणी द्या, घसा कोरडा पडलाय त्यांचा."

मग ते हट्ट्याला येत राहिले. स्वतःच्या हातानं जखम धुवायचे. कौसाबाई दर खेपेला विचारायची, "आलं का हो औषध?" न ते दर खेपेला म्हणायचे, "आज नाही आलं, कौसाबाई." 'नाहीच' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हणून ती शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिली. मला आधी याचाच राग होता. खरं सांगून टाकावं, मोकळं व्हावं. नंतर कळलं की ते खरंच सांगत होते. ते स्वतःही दाराकडेच बघत होते.

कौसाबाई गेली. तिचे दिवस झाल्यावर डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे कामाला या. बाया मला गाठ दाखवत नाहीत. तुम्हाला दाखवतील. नाही दाखवली तर तुम्ही भांडाल."

कामाची रीत त्यांनीच घालून दिली. मधे जाड पडदा. अलीकडे मी न बाई, पलीकडे डॉक्टरसाहेब पाठ करून. मी हात लावून बघायचं न मोठ्यानं सांगायचं. त्यासाठी त्यांनी घडी घातलेल्या धोतराखाली तूर, हरभरा, बोर, आवळा ठेवून मला डोळे मिटून ओळखायला लावलं होतं. "हरभरा हाय." "हलतो का?" "हलून राहिला." मग पलीकडून त्यांचा श्वास सुटल्याचं ऐकू यायचं. "आवळा हाय, बुडाला धरून बसलाय," असं म्हटलं की पलीकडे काहीच ऐकू यायचं नाही. अक्षरंही त्यांनी मला औषधाच्या बाटल्यांवरच शिकवली. पहिला शब्द शिकवला 'विष'. म्हणाले, "हा वाचता आला की बाकीचे सावकाश येऊ द्या."

लोक विचारतात, या रोगावर इलाज आहे का. तर त्यांनी बांगडीवाल्या हमीदाबींकडे बांगड्या भरायला जावं. हमीदाबी दवाखान्यात आल्या त्या डोकेदुखीचं औषध न्यायला. मीच बळंच पडद्याआड नेलं. हरभऱ्याएवढी गाठ. डॉक्टरसाहेब म्हणाले, हैदराबादेला जाऊन कापून घ्या. तर या उसळल्या, "काहून जाऊ? पोरीचं लगीन हाय घरात!"

पलीकडून आवाज आला, "आपा, लग्नात तुम्ही पाहिजेत की नुसत्या तुमच्या बांगड्या?"

"या अल्ला! डाक्टरसाब, तुमी सगळं ऐकून राहिले का तिकडून?"

"डोळे तिकडे नाहीत, कान आहेत."

हमीदाबी हसल्या. हसल्या म्हणून हैदराबादेला गेल्या. गाठ निघाली, पोरीचं लग्न झालं, आता नातीला बांगड्या भरतात. सगळ्या अशा नसतात, ते मला कोणी सांगू नये. आवळेवाल्या किती गेल्या ते मला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र लिहायलाच पाहिजे. इथल्याच, हिंगोलीजवळच्या पुसेगावकडे एक बाबा आला, मुळी उगाळून देतो न कॅन्सर बरा करतो असा बोभाटा झाला. डॉक्टरसाहेबांनी टांगा जुंपायला सांगितला. मला वाटलं, चालले बाबाला झोडायला. मी पदर खोचून टांग्यात बसले. वाटेत म्हणाले, "चंद्रभागाबाई, तिथं भांडायचं नाही."

"मंग चाललो कशाला?"

"खरं असलं तर?"

एवढे शिकलेले गृहस्थ, त्या बाबासमोर मांडी घालून बसले. मुळी मागून घेतली. ज्यांना दुसरा काही इलाज उरला नव्हता त्यांनी ती बाबाकडून आधीच सुरू केली होती. त्यांच्याकडे डॉक्टरसाहेब महिनोन् महिने जाऊन बघत राहिले. काही झालं नाही. तेव्हा बाबाला एक शब्द बोलले नाहीत. बाकीची मुळी परसात टाकून दिली न बराच वेळ तिथंच उभे राहिले. एखादी गोष्ट खोटी निघाली म्हणून एवढा हळहळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

विलायतेचं डॉक्टरी मासिक लढाईत बंद पडलं होतं, आता पुन्हा येतं. टपाल आलं की मी हातातलं काम टाकून दारात उभी राहते. "आलं का औषध?" ते पानं उलटतात. "अजून नाही. पण शोधून राहिलेत." आमची बोली बोलले की समजावं, आज मन हळवं आहे.

आता चिटणीसांनी कान बंद करावेत.

उन्हाळ्यापासून डॉक्टरसाहेबांचा आवाज बसला आहे. सगळ्या हिंगोलीला ऐकू येतो, फक्त बोलत कोणी नाही. काकी, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या पत्नी, त्यांना पातळ कण्या करून घालतात, दुसरं गिळवत नाही. कॉलरच्या आत मानेला काय आहे ते मला लांबून दिसतं. मी म्हणाले, "बसा, बघू द्या." तर हात आडवा धरला.

"मला माहीत आहे, चंद्रभागाबाई."

"माहीत हाय तर मुंबईला जा. रेडियमनं मानेच्या गाठी जिरतात, तुमीच सांगितलं मला."

"काहींच्या जिरतात."

"मंग तुमी काहींतले न्हाईत हे कोणी सांगितलं?"

त्यांनी कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "आजवर मी पडद्याच्या पलीकडे होतो. तिथून सोपं असतं." न पुढच्या बाईला हाक मारा म्हणाले.

डॉक्टरसाहेब, आता हे सरळ तुम्हालाच लिहिते. या ग्रंथात बाकी सगळ्यांनी तुम्ही शंभर वर्षं जगा असं लिहिलं असेल. माझं मागणं तेवढं मोठं नाही. या रोगाचं औषध निघालेलं तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघावं, एवढं आयुष्य तुम्हाला लाभो, न तोवर अंगात चालण्याफिरण्याची ताकद राहो. घास गिळता यावा, काकींच्या हातचं पोटभर जेवावं, मला रागावण्याएवढा आवाज फुटावा. पण हे नुसतं माझ्या लिहिण्यानं होत नाही. त्यासाठी गाडीत बसावं लागतं.

काकींनी वळकटी बांधून ठेवली आहे. पूर्णा जंक्शनहून पुढची गाडी कुठली ते मी स्टेशनात विचारून आले आहे. सत्कार रविवारी. हे पुस्तक तेव्हा तुमच्या हातात पडेल, रात्रीतून वाचून होईल. मंगळवारी दिवे लागायच्या आत मला सांगा, मुंबईला निघता की नाही. 'बघू' हे उत्तर मी धरणार नाही.