सुक्या तळ्यापलीकडचा सिग्नल

हार्लन हूक्स्ट्राची आणि माझी ओळख झाली तेव्हा तो चिनो गावात बापाबरोबर राहायचा. गाई विकून झाल्या होत्या, गोठ्याच्या जागेवर नवी घरं उठत होती, आणि उरलेल्या जुन्या घरात दोघे बापलेक संध्याकाळी उकडलेले बटाटे खात गप्प बसलेले असायचे. म्हातारा सीबे मुळातच कमी बोलायचा, त्यातलं निम्मं डचमध्ये. हार्लन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही. त्याला नाद एकच: महिन्यातल्या एका शनिवारी आमच्याबरोबर ट्रान्समीटर शोधायला निघायचं.

आमच्या भागात तेव्हा हा नाद पुष्कळांना होता. एकाने ट्रान्समीटर घेऊन वाळवंटात कुठेतरी दडून बसायचं, आणि बाकीच्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवरून गाड्या काढून त्याच्या सिग्नलचा माग काढायचा. आधी पोचेल तो जिंकत नाही. सगळ्यात कमी मैल गाडी चालवून पोचेल तो जिंकतो. त्यामुळे नुसता वेग कामाचा नाही. सिग्नल डोंगरावर आपटून उलटा येतो आणि माणसाला भलत्याच खोऱ्यात नेऊन सोडतो. हार्लन सहसा फसायचा नाही, कारण तो घाई करायचा नाही.

त्याचा जोडीदार ड्वेन टॅकेट. गाडी ड्वेन चालवायचा. हार्लन शेजारी बसून, टपाला पाडलेल्या भोकातून वर गेलेला अँटेना हाताने फिरवायचा आणि सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून दिशा सांगायचा. ड्वेन तोंडाळ. टेकडीवर सगळे जमले की हार्लनच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "ही माझी दुसरी बायको. रस्ता बरोबर सांगते, म्हणून पहिलीपेक्षा बरी."

"मग जेवायलाही तिच्याकडेच जात जा," असं त्याची बायको ट्विला तिथल्या तिथे ऐकवायची. तिच्याकडेही रेडिओचा परवाना होता. आम्ही बाहेर पडलो की ती घरच्या सेटवर बसायची आणि कुणाचा निरोप असला तर पोचवायची. हार्लन अशा वेळी मान खाली घालून हसायचा. त्याला मी हसताना पाहिलं ते या दोघांच्या संगतीतच.

एका ऑक्टोबरात आम्ही लुसर्न खोऱ्याच्या बाजूला गेलो होतो. हार्लन हातातला छोटा अँटेना घेऊन एका टेकाडावर चढला होता आणि ड्वेन खाली गाडीत होता. तेवढ्यात गाडीतल्या रेडिओवर ट्विलाचा आवाज आला. सीबेला दवाखान्यात नेलं आहे, हार्लनला ताबडतोब परत आण, असा त्याच्या बहिणीचा फोन होता. ड्वेनने कळलं म्हणून सांगितलं. हार्लन टेकाडावरून उतरला, म्हणाला पुढचीच खिंड, आणि ड्वेनने गाडी पुढे घेतली. ट्रान्समीटर सापडला, मैल मोजले, ते जिंकले. लोक पाठ थोपटत असताना ड्वेनने त्याला बाजूला नेऊन निरोप सांगितला. ते चिनोला पोचले तोवर म्हातारा गेला होता.

तडक निघाले असते तरी म्हातारा भेटला नसता. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ आणि रस्त्याचं अंतर पाहता ते उघड होतं. ड्वेनने दफनाच्या दिवशी हेच सांगायला सुरुवात केली. हार्लनने ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे ठरवणारा तू कोण?"

त्यानंतर तो ड्वेनशी बोलला नाही.

नाद मात्र दोघांनीही सोडला नाही. हार्लन एकटाच गाडी चालवायचा, मधेच थांबून अँटेना फिरवायचा, पुन्हा निघायचा. एकट्याने हे फार वेळखाऊ होतं, पण मैल वाया जात नसत. ड्वेनने दुसरा जोडीदार घेतला नाही. तो लपणारा झाला. वर्षातले निम्मे शनिवार तोच कुठल्यातरी ओढ्यात, ताडपत्रीच्या सावलीत, घडीच्या खुर्चीवर बसलेला असायचा, आणि ट्रान्समीटरच्या खोक्यातून दर मिनिटाला त्याचाच टेप केलेला आवाज यायचा: नाव, परवान्याचा क्रमांक, आणि शेवटी "या की मग."

हार्लन पोचला की गाडीचं दार उघडून मागे सरकायचा. ड्वेन वाकून मैलांचा आकडा बघायचा आणि कॉफीचा कप पुढे करायचा. हार्लन दार लावून निघून जायचा. आम्ही पहिल्यांदा मध्यस्थी करून पाहिली, नंतर थट्टा केली, मग तेही सोडून दिलं. दोघांचे केस पांढरे झाले.

मग मार्चमधला एक शनिवार आला; लपणारा ड्वेनच होता. सिग्नल एका सुक्या तळ्याच्या पलीकडून येत होता, पण डोंगर आडवा होता आणि आम्ही बहुतेक जण दक्षिणेला भरकटलो. दुपार कलली असेल, तेव्हा रेडिओवर हार्लनचा आवाज आला. तो रेडिओवर कधीच बोलायचा नाही, त्यामुळे आधी मला ओळखूच आला नाही. ड्वेन खुर्चीत गेला आहे, अंग गार पडलं आहे, शेरीफच्या पोलिसांना कळवा, असं त्याने सांगितलं. पुढे म्हणाला, "इथली वाट नकाशावर नाही. मी ट्रान्समीटर चालू ठेवतो. त्याच्यावर या."

मी सगळ्यांत जवळ होतो. मला दिशा सापडली, आणि शेरीफची गाडी माझ्या मागे लागली. ती वाट संपता संपत नव्हती. दर मिनिटाला ड्वेन आपलं नाव सांगत होता आणि या की मग म्हणत होता. मी आवाज बारीक केला, पण काट्यासाठी तो ऐकावाच लागत होता.

आम्ही पोचलो तेव्हा हार्लन त्याच्याशेजारी जमिनीवर बसला होता. त्याने आपलं जाकीट ड्वेनच्या गुडघ्यांवर घातलं होतं. शेरीफचा माणूस काहीबाही विचारत होता आणि हार्लन नीट उत्तरं देत होता. मध्येच खोकं पुन्हा बोललं. हार्लन माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते बंद कर. मला जमलं नाही."

मी वायर उपटली.

डोंगराआडून हार्लनचं बोलणं ट्विलाच्या घरच्या सेटपर्यंत पोचलं नव्हतं, आणि तिला रेडिओवर काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. मीच सांगेन, असं हार्लन म्हणाला, म्हणून आम्ही दोघे फॉन्टानाला तिच्या घरी गेलो. ट्विलाने दार उघडलं, हार्लनला दारात पाहिलं, आणि कुणी काही बोलायच्या आत तिला समजलं. ती खाली बसली. मग तिने सांगितलं की ड्वेनचं हृदय दोन वर्षांपासून कमजोर होतं, एकट्याने बाहेर जाऊ नको म्हणून डॉक्टर बजावत होते.

"मग जाऊ का दिलंस?" हार्लनने विचारलं.

"ऐकतो का तो? दर वेळी निघताना म्हणायचा, आज हार्लन आला की बोलतो. त्या दिवशी चुकलो म्हणून सांगतो. परत आला की मी विचारायचे, बोललास? म्हणायचा, दार लावून गेला." ती आवाज न चढवता पुढे म्हणाली, "एकदा कप घेतला असतास, हार्लन. तेवढ्यावर त्याने सगळं सांगून टाकलं असतं."

हार्लन बाहेर येऊन गाडीत बसला. चिनोच्या वळणाशी तो एवढंच म्हणाला की मला राग धरायचा नव्हता, पण बोलायला तोंड कुठून उघडायचं तेच नंतर कळेना.

पुढच्या महिन्यात मी त्याला आग्रहाने बाहेर काढलं. तो चालवत होता, मी अँटेना फिरवत होतो. मी उजवीकडे म्हटलं की तो उजवीकडे वळायचा. मी चुकतो आहे हे त्याला कळत असणार, पण तो बोलला नाही. आम्ही शेवटचे पोचलो. त्याने मला घरी सोडलं आणि आता पुढे मला तुमच्यात धरू नका असं सांगितलं.

वर्षभरात त्याने घर बिल्डरला दिलं आणि बहिणीकडे बेकर्सफील्डला गेला. आमचे शनिवारही कमी होत होत थांबले. लपायलाच कुणी तयार होईना. एका हिवाळ्यात बहिणीचा फोन आला. हार्लन झोपेत गेला होता, दफनही आटोपलं होतं. तिला कुणाला कळवायचं ते माहीत नव्हतं, जुन्या डायरीत माझा नंबर सापडला म्हणे.

मी ट्विलाला फोन करून सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.