गाणं थांबलं त्या दुपारी

हळ्ळीखेडच्या जत्रेतलं ते गाणं आइकून पन्नासच्या वर वरसं झाली असतील. मी साळंत दुसरीपतूर गेलेली, आकडं काई लावता येत न्हाईत. माझं लगीन झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट, एवढं पक्कं. मी सांगायलेय अन नात लिवून घ्यायलीय.

त्या साली पाऊस झाला न्हवता. आमची निम्मी मेंढरं मेली, अन मी सडकंवर खडी फोडायला जायची. हाताला फोड यायचे, फुटायचे, पुन्ना यायचे. समद्यांच्याच हाताला व्हते, सांगायचं कुणाला.

मला मैतरीण एकच व्हती, दुकानवाल्या लिंगायताची लेक. लोकर घालायला अन मीठमिरची आणायला आमी त्यांच्या दुकानी जायचो, तितं वळख झाली. ती घरात कानडी बोलायची, माझ्यासंगं मराठी. तिच्या घरात आमच्या हातचं पाणी पीत न्हवते. तवा तसंच व्हतं. ती माझ्या घरी आली तर तहान लागली न्हाई म्हणायची, अन मीबी तांब्या पुढं करत न्हवते.

त्या जत्रेत धारवाडाकडचा मोठा गवई येणार म्हणून आठ दिवस गावात तेच बोलणं. तिची सोयरीक झालती, महिन्यावर लगीन आलतं. लगीन झाल्यावर कुटं सोडत्यात, एवढं गाणं आपून संगं आइकू, असं ती म्हणायली. मी खडीवर खाडा केला. तिच्या मायनं जाऊ दिलं ते माझे अप्पा तितं ढोल वाजवणार व्हते म्हणून. मोठं माणूस हाय संगं, असं तिला वाटलं.

ज्वारी करपून गेलेल्या रानात मांडव घातलता. मांडव फकस्त गवयाच्या डोक्यावर, बाकी समदे उन्हात. माणसं किती म्हणून सांगू. बांधावर, गाडीवर, लिंबाच्या झाडावर, जिकडं बघावं तिकडं पटकेच पटके. आदी आमच्या धनगरांचे ढोल झाले. गावोगावचे ढोलवाले गोल धरून नाचायलते, अन मदी माझे अप्पा. भुई हालायलती. पायाच्या तळव्यातून आवाज वर यायचा अन दातात वाजायचा. नाचायच्या आदी अप्पांनी आपली घोंगडी माझ्याजवळ दिलती, ती हातरून आमी दोघी मागं बसलताव.

गवई बसला अन त्यानं पयला सूर लावला तशी एवढी माणसं गप झाली. मागून त्याचं तोंड दिसंना. मी म्हणलं चल म्होरं. ती अजून नीट उठलीबी न्हवती, तवर मी खालची घोंगडी वडली, खोळ करून उनासाठी डोक्यावर घेतली, अन तिचा हात धरून बायामदून घुसले. कुणी शिव्या दिल्या. एकीनं म्हणलं, मेंढरू सुटलंय बघा. पर आमी पार म्होरं गेलाव.

तितं बसलाव तर दोन हातावर तिची व्हणारी सासू बसलेली. मैतरणीनं पदर डोक्यावर घेतला अन मान खाली घातली. एक गाणं झालं, दुसरं झालं. दुसरं सरताना तिचा हात गळ्याशी गेला अन तितंच ऱ्हायला.

“अगं, माझं लिंग न्हाई,” ती म्हणली.

त्यांच्यात लेकरापासून गळ्यात लिंग असतंय, दोऱ्यात, चांदीच्या डबीत. रोज त्याची पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी घालत न्हाईत. हरवलं तर सापडंपतूर काई खायाचं न्हाई, प्यायचं न्हाई. ते तिनं मला लहानपणीच सांगितलतं. अन तिची सासू दोन हातावर. महिन्यावर लगीन असताना पोरीनं लिंग घालवलं म्हणल्यावर सोयरीक ऱ्हाती का, हे इचारायचीबी गरज न्हवती. ऊन असं, की बसल्या जागी जीभ टाळूला चिकटायलती. ती रडायलीबी न्हाई, नुसती बसली. मीच वडत आणलतं तिला.

ती नगं म्हणायलती, तरी मी उठले. मांडवाच्या मागं अप्पा घाम पुसत बसलते, त्यांच्या कानात सांगितलं. नाव सांगू नका म्हणलं. अप्पांनी जाऊन गवयाच्या पायाजवळ बसून त्याला सांगितलं. त्यानं नुकताच पाण्याचा पेला उचललता. तो त्यानं तसाच खाली ठिवला, अन कानडीत बोलला. अप्पांनी ते मराठीत वरडून सांगितलं.

“एका लेकीचं लिंग हरवलंय. ती पाणी पिईपतूर मीबी पिणार न्हाई अन गाणारबी न्हाई. जितल्या तितं उभं ऱ्हावा अन आपापलं झाडून बघा.”

मंग जे बघितलं ते गाण्यापरीस मोठं व्हतं. सगळं रान उभं ऱ्हायलं. बायांनी पदर झाडले, गड्यांनी धोतराचे सोगे झाडले, पटके सोडले. झाडावरची माणसं खाली उतरून ढेकळं उकरायली. सगळीकडं धुरळा झाला. कुणी कुणाचं लिंग म्हणून इचारलं न्हाई.

समदे झाडायलेत म्हणून मीबी डोक्यावरची खोळ काढली अन झाडली. डबी माझ्या पायावर पडली.

घोंगडीच्या दशात, कडंच्या सुट्या धाग्यात, दोरा गुतला व्हता. मी हिसका दिला तवाच तुटला असंल. सगळं रान झाडायलतं अन डबी माझ्या डोक्यावर. मांडवामागं अप्पांना सांगायला गेले तवाबी डोक्यावरच.

मी डबी मुठीत धरून तिच्याकडं गेले. दोरा तुटलेला. घोंगडीच्या दशातली काळी लोकर उपटली, मांडीवर वळली अन गाठ मारून दिली. पर पूजा करायची कुटं? भवती एवढी माणसं. ती डबी पदराखाली धरून बसली.

तवा तिची सासू उठली. आमच्या म्होरं येऊन पाठमोरी उभी ऱ्हायली अन पदर दोनी हातानं फाकवून आडोसा धरला. आमच्याकडं बघितलंबी न्हाई.

“कर सावकाश, पोरी,” ती म्हणली. “नवी नवरी असताना माझंबी हरवलतं. तीन दिस सापडलं न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई, आज तुलाच सांगायलेय.”

पूजेला पाणी लागतंय. जवळ तांब्या एकच, मी घरनं आणलेला. मी सासूच्या पाठीकडं बघितलं. तिला ठावं व्हतं मी कुणाची लेक, माझ्या खांद्यावर घोंगडीच व्हती. ती हालली न्हाई. मैतरणीनं माझ्याच पाण्यानं लिंग धुतलं, डोळ्याला लावलं, अन मंग तांब्या उचलून वरून पाणी घेतलं. गट गट आवाज यायला.

अप्पा मांडवातून माझ्याकडं बघायलते. मी मान हालवली. अप्पांनी गवयाला सांगितलं, गवयानं पेला उचलला, अन सगळं रान खाली बसलं.

म्होरं त्यानं काय गायलं ते मला आठवत न्हाई. लई गोड व्हतं म्हणत्यात. मी तिच्या गळ्यातल्या माझ्या लोकरीच्या गाठीकडंच बघायलते, पुन्ना सुटू नये म्हणून.