सील लावलेला ड्रायव्हर

डोंगराखालच्या चुलुमानीहून वर ला पास शहराला मिनीबसने माणसं नेणाऱ्या तिबुर्सियो चोकेच्या शर्टांवर त्याची बायको बासिलिया सीटबेल्ट शिवून द्यायची. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण खरंच शिवायची. जुन्या बॅगेचा चार बोटं रुंद काळा पट्टा, खांद्यापासून तिरका पोटापर्यंत, बारीक टाक्यांनी असा बसवलेला की लांबून पाहणाऱ्याने म्हणावं, वा, काय शहाणा ड्रायव्हर आहे! पट्ट्याचा कायदा आला त्या वर्षी असे चार शर्ट तयार झाले आणि तिबुर्सियो ते आळीपाळीने घालू लागला.

आळशीपणा म्हणावा, तर माणूस तसा नव्हता. पहाटे उठून टायरवर चार थेंब दारूचे शिंपडणार, धरणीमातेचं नाव घेणार, तेलपाणी स्वतः बघणार. खऱ्या पट्ट्याची मात्र त्याला भीती होती. ती त्याला बापाकडून मिळाली होती.

बाप याच रस्त्यावर ट्रक चालवायचा. आमच्या या घाटात चढणाऱ्याने डोंगराच्या अंगाला राहायचं आणि उतरणाऱ्याने दरीच्या. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे चढताना ड्रायव्हरचं दार डोंगराकडे येतं. म्हातारा ते दार कधी पुरतं लावायचा नाही, नुसतं टेकवून ठेवायचा. एका जानेवारीत चढावर गाडी मागे घसरली, याने दार ढकललं आणि उडी मारली. ट्रक खाली गेला. पाठीमागे हौद्यात बसलेली चौदा माणसंही गेली. बाप पुढे एकतीस वर्षं जगला. मुलाच्या हातात स्टिअरिंग देताना त्याने एवढंच सांगितलं, "दार लावू नकोस, अंगाला काही बांधू नकोस." तिबुर्सियोने ते पाळलं. सव्वीस वर्षं तो डाव्या हाताची बोटं दाराच्या खिटीवर ठेवून घाट चढत होता.

आता त्या शर्टाची गोष्ट. पट्ट्याविना पहिल्यांदा पकडला तेव्हा त्याच्या नावापुढे पोलीस नाक्याच्या वहीत एक खूण पडली. मग शर्ट आले आणि सहा महिने निभावले. बासिलियाने पाचवा शर्ट शिवायला घेतला, त्या दिवशी तिला घाई होती. नवऱ्याला समोर उभा केला, पट्टा अंगावर धरून पाहिला आणि टाके घातले. समोर उभ्या माणसाचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो, हे घाईत राहून गेलं. पट्टा बसला उजव्या खांद्यावर. तिबुर्सियोनेही तसाच शर्ट चढवला आणि तोच घालून खालच्या नाक्यावर गेला.

हवालदार खिडकीशी आला. त्याने एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा पट्टा जिथून निघतो त्या दारामागच्या खांबाकडे.

"तिबुर्सियो, तुझी गाडी आरशातली आहे का रे?"

"का हो, साहेब?"

"सगळ्या ड्रायव्हरांचा पट्टा डावीकडून येतो. तुझा उजवीकडून कसा आला?" असं म्हणून त्याने बोट घालून पट्टा ओढला. शर्टाची दोन बटणं तुटून आली. गाडीतली अकरा माणसं पोट धरून हसली. हवालदारही हसला, पण वही त्याने उघडलीच.

"ही दुसरी. तिसरी पडली की वर्षभर लाइन बंद, या रस्त्यावर गाडी आणायची नाही. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतंच. दोन मुली ला पासला शिकत होत्या, गाडीचे हप्ते चालू होते, आणि तिबुर्सियोला दुसरं काही येत नव्हतं. त्याने मुकाट्याने खरा पट्टा ओढला आणि बकलात अडकवला. पहिल्या वळणावर सोडू, हा विचार त्याच्या तोंडावर इतका स्पष्ट दिसत होता की हवालदाराने तो वाचला.

"थांब जरा," म्हणून तो खोलीत गेला आणि येताना पक्कड घेऊन आला.

कोक्याच्या पानांच्या गोण्या नाक्यावरून जातात तेव्हा त्यांचं तोंड तारेने बांधून तारेवर शिशाची गोळी ठोकतात. वरच्या नाक्यावर गोळी शाबूत दिसली तरच गोणी पुढे जाते. हवालदाराने तीच तार पट्ट्याच्या बकलाभोवती दोनदा फिरवली, बटणावरून घट्ट नेली आणि पकडीने गोळी दाबून टाकली.

"आता वर जाऊनच सुटायचं. सील तुटलं असलं तर तिसरी खूण वरचे लोक टाकतील."

"साहेब, मी काय कोका आहे का?"

"कोका बरा. तो खोटे शर्ट घालत नाही. जा."

गाडी सुटली. तिबुर्सियोच्या कपाळावर घाम आला होता. शेजारच्या सीटवर इलारिया बसली होती, सत्तरीची, कोक्याची चार वाफे जमीन असलेली, जिभेने तिखट. गालात पानांचा तोबरा. तिला सगळे मावशी म्हणायचे.

"काय रे तिबू, नवऱ्या मुलीसारखा बांधून पाठवलाय तुला."

"मावशी, चेष्टा नको. श्वास कोंडतोय."

"श्वास पट्ट्याने कोंडत नाही. तो पोटावर आहे, तुझं नाक वर आहे."

मागे हशा झाला. तिबुर्सियो हसला नाही. दोन दिवस पाऊस लागला होता. डोंगराच्या अंगाने माती ओघळत होती. त्याने सवयीने दार नुसतं टेकवलं आणि बोटं खिटीवर ठेवली. म्हातारीने ते पाहिलं. तोबरा दुसऱ्या गालात सारून ती हलक्या आवाजात बोलली.

"दार लाव."

"सवय आहे, मावशी."

"तुझ्या बापाचीही होती. त्या ट्रकात माझा थोरला भाऊ होता, संत्री घेऊन चालला होता." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "आमचं दार या बाजूला आहे बघ, दरीकडे. ते आम्ही कुठे उघडायचं?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. दार मात्र त्याने लावलं नाही.

वाटेतल्या धबधब्यापुढच्या तिसऱ्या वळणावर डोंगरातून चिखल खाली आला होता. मोठा नाही, दोन बैलगाड्यांएवढा ढीग, पण आतली अर्धी वाट त्याने खाल्लेली. राहिलेली वाट दरीच्या कडेने होती. तिबुर्सियोने गाडी थांबवली, काच खाली करून पाहिलं. ढिगाकडचं मागचं चाक बघायला कमरेपासून बाहेर झुकायला हवं होतं, पण जोराने झुकताच पट्टा अडला. त्याने शिवी गिळली आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गाडी ढिगाला वळसा घालून काढली.

पुढची चाकं गेली. डावं मागचं गेलं. उजव्या मागच्या चाकाखालची कड मऊ मातीची होती, ती बसली.

आवाज फार झाला नाही. गाडी मागे आणि उजवीकडे झुकली, तळ जमिनीवर आपटला, इंजिन बंद पडलं. मागच्या बाजूला कुणी किंचाळलं. आणि तिबुर्सियोच्या अंगाने त्याला न विचारता ठरवलं: हाताने दार ढकललं, खांदा बाहेर गेला, ब्रेकवरचा पाय उचलला गेला.

पट्ट्याने त्याला छातीत धरलं आणि सीटवर परत आपटलं.

तेवढ्यात गाडी वीतभर मागे सरकली होती.

"पाय," इलारिया म्हणाली.

त्याने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेक दगडासारखा जड झालेला. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि त्यातलं एक चाक हवेत होतं, म्हणजे तोही कामाचा नाही. गाडी धरून होती ती फक्त पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे त्याच्या पायांवर. दार सताड उघडं होतं. हातभर अंतरावर रस्ता होता. तारेची गोळी बकलावर तशीच.

म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिबुर्सियोने नजर समोर वळवली.

"सगळे ऐका," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "उजवीकडच्या दाराला हात लावायचा नाही. खाली दरी आहे. माझ्या दाराने बाहेर पडायचं, माझ्या अंगावरून. मागच्या रांगेने आधी. पुढचे आधी उतरले तर गाडी मागे जाईल."

रेम्बेर्तो मास्तर दुसऱ्या रांगेत होता. गळ्यात टाय, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तो उठलाच.

"मला जाऊ द्या, मला हृदयाचा त्रास आहे."

"मास्तर, बसा," इलारिया मागे न बघता म्हणाली. "शाळेत तुम्हीच रांग लावायला शिकवता ना? मग लावा."

मास्तर बसला.

मागच्या रांगेतून पहिली बाई आली, पाठीवर बाळ बांधलेली. दोन सीटांमधून सरपटत आली, तिचा गुडघा तिबुर्सियोच्या मांडीवर रुतला, बाळाची लाथ त्याच्या कानावर बसली. ती रस्त्यावर उतरली. गाडी करकरली आणि थांबली. मग तिचा नवरा. मग दोन सैनिक, सुट्टीवर निघालेले, त्यांच्या बुटांनी त्याचा खांदा सोलून काढला. प्रत्येक माणूस उतरला की गाडी जरा हले. तिबुर्सियोच्या पोटऱ्या थरथरू लागल्या होत्या. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्याने स्टिअरिंगला रेटा दिला होता, म्हणजे पायांत जोर राहील.

"किती राहिले?"

"पाच," इलारिया म्हणाली. "तू मोजू नकोस. दाबून धर."

बाहेर सैनिकांनी दगड शोधून पुढच्या चाकांमागे लावायला सुरुवात केली. चिखलात दगड सरकत होते. मास्तरची पाळी आली तेव्हा घाबरून त्याने ड्रायव्हरची मान धरली आणि स्वतःला बाहेर ओढण्याऐवजी त्यालाच बाहेर ओढू लागला. पट्टा नसता तर दोघे मिळून रस्त्यावर पडले असते. पट्टा ताणला गेला, तिबुर्सियो जागचा हलला नाही. एका सैनिकाने मास्तरची बोटं सोडवली.

शेवटी इलारिया. सत्तरीची बाई, सहा घागरे एकावर एक. ती त्याच्या मांडीवर आली तेव्हा क्षणभर तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. पानांचा हिरवा वास. ती उतरली. उतरल्यावर कमरेची वेल कापायची सुरी काढून तिने त्याच्यापुढे धरली.

"आता तार काप आणि ये."

"मावशी, तिसरी खूण."

"काय?"

"सील तुटलं तर लाइन बंद."

रस्त्यावरच्या अकरा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला पळायचं होतं तो आता उतरायला तयार नव्हता. पुढच्या चाकामागचा एक दगड घरंगळला आणि गाडीचं नाक बोटभर वर उचललं गेलं.

"तिबू," इलारिया म्हणाली, "लाइन बंद झाली तर मुलींना मी कोका विकून शिकवते. तू गेलास तर बासिलियाला काय सांगू?"

त्याने सुरी घेतली. तार तिसऱ्या खेपेला तुटली. गोळी पायात पडली. एका सैनिकाने वाकून, हात आत घालून ब्रेक दाबून धरला, दुसऱ्याने तिबुर्सियोला काखेत धरून बाहेर ओढला. तो रस्त्यावर बसला, आणि बाकीच्यांनी पुढच्या चाकांमागे मोठे दगड रचल्यावरच पहिल्या सैनिकाने ब्रेकवरचा हात काढला.

तासाभराने वरून लाकडं भरलेला ट्रक आला. दोर बांधून सगळ्यांनी मिळून गाडी वर ओढली. तळ चेपला होता, बाकी ठीक. इंजिन सुरू झालं. पण आत कुणी बसेना. सगळे चिखलात उभे राहून आपापल्या गाठोड्यांकडे बघत होते. तिबुर्सियोने त्यांना बोलावलं नाही. तो आत बसला, पट्टा ओढून बकलात अडकवला. मग दार ओढलं, पुरतं, खटका वाजेपर्यंत.

इलारिया वळसा घालून आली आणि शेजारी बसली. तिच्यामागे सैनिक. सगळ्यात शेवटी मास्तर, उत्तरपत्रिका छातीशी धरून.

गाडी वरच्या नाक्यावर पोहोचली. तिथला हवालदार जाड भिंगांच्या चष्म्यातून आत डोकावला. तिबुर्सियोने स्वतःच सांगून टाकलं.

"साहेब, सील तुटलंय. मीच तोडलं. खूण टाका."

"कसलं सील? कोका आहे का गाडीत?"

"माझ्या पट्ट्याचं. खालच्या साहेबांनी लावलं होतं."

हवालदाराने चष्मा कपाळावर चढवला. "पट्ट्याला सील? असा कायदा कुणी काढला?"

गाडीतली अकराच्या अकरा माणसं एकदम सांगू लागली, चिखलापासून मास्तरने धरलेल्या मानेपर्यंत सगळं. हवालदाराने दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"मला एकच बघायचं असतं. पट्टा लावलाय ना?"

"लावलाय."

"मग वाट अडवू नकोस. मागे कोक्याचा ट्रक उभा आहे."