खाऊला

खाऊमावशींचा निरोप घेताना हात खिशात ठेवावेत, असं आम्ही लेस्टरमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींना सांगायचो. हात दिसला की मावशी तो दोन्ही हातांत धरत, "सांभाळून जा हं" म्हणत, आणि गाडीत बसून मूठ उघडावी तर आत चार घड्या घातलेली नोट. सोबत दारातून ऐकू आलेला एकच शब्द, "खाऊला". वयाची अट नव्हती. एका गणपतीत माझे गोरे मॅनेजर त्यांच्याकडे जेवायला आले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्यात जेवल्याबद्दल पाहुण्यालाच पैसे देतात का? मी हो म्हणून टाकलं.

मावशी माझ्या शेजारी राहायच्या. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा निखिल, इथेच जन्मलेला. माझ्यापेक्षा थोडा लहान, मला ताई म्हणायचा. त्याचं मराठी प्रेमळ होतं, पण लिंगांशी त्याचं कधी जमलं नाही. तो 'माझा गाडी' आणि 'माझी घर' यांत सुखाने राहायचा.

निखिल ज्या फर्ममध्ये अकाउंटंट होता तिथले पैसे त्याने स्वतःकडे वळवले, पकडला गेला, कोर्टात गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. इथल्या मराठी मंडळातल्या दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर तो 'दुबईला गेलाय' असं सांगितलं गेलं असतं. मावशींना ते जमलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात एका बाईंनी सहज विचारलं, "निखिल दिसला नाही?" मावशी म्हणाल्या, "तुरुंगात आहे. तुम्ही चकली घेतलीत का?" बाईंनी घाईघाईने दोन चकल्या घेतल्या. मुलाची बाजू मात्र मावशींनी कधी घेतली नाही. एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाल्या, "पैसे घेतले म्हणून आत गेला, आणि आता त्याला पैसे मीच पाठवायचे. मी लहानपणी दिलेला खाऊ कमी पडला बहुतेक."

पैसे पाठवायचे ते वेबसाइटवरून. कैद्याचा नंबर, जन्मतारीख आणि आपलं कार्ड, एवढं लागतं. पाच मिनिटांचं काम, पण मावशी त्यासाठी केस विंचरून माझ्याकडे यायच्या. पैसे गेल्याची पाटी स्क्रीनवर आली की त्या लॅपटॉपकडे संशयाने बघत. "त्याला कसं कळणार गं, मी दिलेत म्हणून?" त्या पैशातून तो आतल्या कँटीनमधून बिस्किटं, नूडल्स, टूना असलं काही मागवायचा. मग फोनवर चौकशी चाले. "खाऊ मिळाला का?" "मिळाला, आई. माझा बिस्किट पण आला."

मावशींचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी ते त्यांना सरळ सांगितलं होतं, आणि त्यांनी मला. निखिलला लवकरच खुल्या तुरुंगात हलवणार होते. तिथून अधूनमधून दिवसभरासाठी घरी सोडतात. मावशींचं सगळं लक्ष त्या एका दिवसाकडे लागलं होतं. "त्याला या टेबलाशी जेवताना बघायचंय. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे," असं त्या म्हणायच्या.

आणि त्यांनीच घोटाळा केला. मी त्यांना भेटीला घेऊन गेले होते. पर्स लॉकरमध्ये ठेवली, तपासणी झाली, कुत्रा हुंगून गेला. तासभर दोघं नीट बोलली. निघताना निखिल उभा राहिला, मावशींनी त्याचा हात धरला, "सांभाळून राहा हं" म्हणाल्या, आणि कार्डिगनच्या बाहीतली नोट त्याच्या मुठीत गेली. छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने ते पाहिलं. दोन अधिकारी आले. निखिलने दोन्ही तळवे उघडून हात वर केले आणि नोट खाली पडली.

"इट इज ओन्ली फॉर खाऊ," मावशी म्हणाल्या. त्यावर अधिकाऱ्यांचे चेहरे आणखी गंभीर झाले. आम्हाला वेगळ्या खोलीत नेऊन त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, की खाऊ हा नेमका कोणता पदार्थ? मी समजावलं. त्यांनी लिहून घेतलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

परतताना मला मावशींचा भयंकर राग आला होता.

"हात आपोआप गेला गं," त्या म्हणाल्या.

"हात आपोआप गेला असेल मावशी, नोट बाहीत आपोआप गेली नव्हती."

"नोट बाहीत असतेच," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

मावशींच्या भेटी बंद झाल्या. निखिलचं खुल्या तुरुंगात जाणं लांबणीवर पडलं. तो फोनवर एवढंच म्हणाला, "आई, तू रडू नको. माझी चूक होता." मावशींनी पहिल्यांदाच त्याचं व्याकरण सुधारलं. "माझी चूक होती," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर त्या कुणाच्याच हातावर काही ठेवेनाशा झाल्या. मंडळातली पोरं दारात हात पुढे करून घुटमळायची आणि तशीच जायची. मला ते बघवत नसे.

तो दिवस आला, पण फार उशिरा. मावशींना तेव्हा जिना चढवत नव्हता. निखिल सकाळी आला, त्या टेबलाशी बसून वरणभात जेवला, मावशी समोर बसून बघत राहिल्या. संध्याकाळच्या आत त्याला परत पोचायचं होतं. मी दाराशी गाडी लावून उभी होते. मावशी उंबऱ्यापर्यंत आल्या. निखिलने हात पुढे केला, तर त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तिथेच घट्ट धरून ठेवले.

"जा," त्या म्हणाल्या. "खाऊ वेबसाइटवरून येईल."

त्या मायलेकांची ती शेवटची भेट.

शिक्षा संपल्यावर निखिल माझ्याकडे आला. जेवला, आईबद्दल थोडं बोलला. लीड्सला नोकरी मिळेलसं वाटतंय, म्हणाला. निघताना मी त्याचा हात धरला. मला अशी सवय नाही, पण नोट मी सकाळीच घडी घालून ठेवली होती.

"खाऊला," मी म्हटलं.

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, तळवे उघडे केले आणि वर छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कोळ्याचं जाळं होतं. तो बराच वेळ त्या जाळ्याकडे बघत राहिला. मग खाली वाकला, नोट उचलली आणि मूठ मिटली.