पुणे विमानतळ ते हॉटेल, मध्ये थांबा नाही

दिवेलागण झाली तरी पुण्याच्या विमानतळावरून निघालेली आमची गाडी हॉटेलवर पोचली नव्हती. मालक माझ्या टेबलासमोर येरझाऱ्या घालत होते. त्यांना काळजी गाडीची होती, नवीकोरी अँबॅसिडर होती ती. मला काळजी बाईंची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सोलापुरातल्या एका हॉटेलात मॅनेजर होतो. मॅनेजर हा शब्द ऐकायला बरा वाटतो. काम म्हणजे रिसेप्शनवर बसायचं, चाव्या द्यायच्या आणि सकाळी बंबाचं पाणी गार निघालं की पाहुण्यांच्या शिव्या खायच्या. मी मूळचा कोकणातला. सोलापुरात माझं कुणी नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत राहायचो, हॉटेलातच जेवायचो. दिवसभर माणसांत असायचो आणि तरी फार एकटं वाटायचं. हॉटेलात राहणाऱ्याला शेजारी नसतो, हे नोकरी धरताना कुणी सांगत नाही.

आमच्या धंद्यात पिक-अप नावाचा प्रकार असतो. पाहुण्याला आपल्या गाडीनं घेऊन यायचं. आमचे पिक-अप स्टेशनचे, आणि त्यालाही बहुतेकदा टांगा पुरायचा. विमानतळाचा पिक-अप कधी आला नव्हता. सोलापूरला होटगी रस्त्याला धावपट्टी होती, पण तिथं रोजचं विमान उतरत नसे. कुणी बडा माणूस यायचा असला की गुरं हाकलून ती मोकळी करायची, एवढाच तिचा उपयोग मी पाहिलेला. त्यामुळे मुंबईहून ट्रंक कॉल आला आणि पलीकडची बाई म्हणाली की मला पुण्याच्या विमानतळावरून थेट तुमच्या हॉटेलपर्यंत खासगी गाडी हवी, तेव्हा मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

ट्रंक कॉल म्हणजे परगावचा फोन. एक्स्चेंजला नंबर सांगून ठेवायचा आणि लागेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. लागला की निम्मा वेळ ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जायचा. बाईंनी तसं काही केलं नाही. नाव सांगितलं, मिस राजमणी येमूल. विलायतेत नर्स होत्या, त्याच दिवशी मुंबईत उतरल्या होत्या आणि उद्याच्या विमानानं पुण्याला येणार होत्या. आडनावावरून त्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या तेलुगू घरातल्या असणार, हे मला समजलं. रेल्वे सोयीची पडेल, मी म्हणालो. स्टेशनवर ओळखीचं कुणीतरी भेटेल, म्हणून नको, त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. इतक्या लांबून, न पाहिलेल्या माणसाला सांगणं सोपं गेलं असावं.

त्यांचं लग्न ठरलं होतं. ते मोडून त्या नर्सिंगला गेल्या, तिथून विलायतेला. भाऊ म्हणाला, आमची बहीण मेली. त्यांची पत्रं तो परत पाठवायचा. आई घरी विड्या वळायची आणि वळलेल्या विड्या रोज कंपनीच्या ब्रँचवर नेऊन द्यायची. बाईंना आईला एकदा भेटायचं होतं. भावाला कळलं तर तो आईला उंबरा ओलांडू देणार नाही, म्हणून बेत असा की आपण गुपचूप हॉटेलात उतरायचं, दुसऱ्या दिवशी मी ब्रँचवर जाऊन आईला निरोप द्यायचा आणि आईनं तिथूनच परस्पर हॉटेलवर यायचं.

“मध्ये कुठं थांबायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आणि कुणाला सांगायचं नाही. एवढं जमेल ना तुम्हाला?”

जमेल म्हणालो. वेळ संपल्याचं ऑपरेटर सांगायला लागली आणि फोन तुटला.

मालकांना मी फक्त पिक-अपचं सांगितलं. विमानातून येणारं माणूस म्हणजे बडं प्रस्थ, असं त्यांचं गणित. ते हार मागवायला निघाले होते, त्यांना कसंबसं थोपवलं. ड्रायव्हर इरण्णा. जवळच्या वळसंगचा, कानडी आणि मराठी दोन्ही एकाच दमात बोलणारा, गाडी चालवण्यात पक्का. त्याला तीनतीनदा बजावलं, विमानतळ ते हॉटेल, मध्ये थांबा नाही. तो मान डोलवून पहाटे निघून गेला.

आणि आता अंधार पडत आला होता.

गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर बाई ताठ बसलेल्या होत्या. चाळिशीच्या असतील. फिकट निळी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, हातात पर्स गच्च धरलेली. त्या उतरल्या, रजिस्टरमध्ये सही केली, चावी घेतली आणि वर गेल्या. चेहरा असा की मी प्रवास कसा झाला हेसुद्धा विचारलं नाही. इरण्णा गाडीपाशीच उभा होता. त्याला आत बोलावून विचारलं, उशीर का झाला?

तो आधी टायरचं काहीतरी सांगायला लागला. मग म्हणाला, “सायेब, मी बाईंना त्यांच्या घरला नेलतं की.”

घर तुला कसं ठाऊक, विचारलं. त्यानं सांगितलं ते असं. टेंभुर्णीच्या पुढं आल्यावर त्यानं बाईंना विचारलं, तुमी कुनाच्या? आमच्याकडे हा प्रश्न पाणी विचारण्याआधी विचारतात. कुठल्या गावच्या, कुणाच्या घरच्या, हे कळल्याशिवाय समोरच्याला चैन पडत नाही. बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं, गल्लीही सांगितली. मग दोन दिवसांच्या प्रवासानं दमलेल्या त्या बसल्या जागी झोपल्या. इरण्णाला ती गल्ली माहीत होती. सोलापूर आल्यावर त्यानं हॉटेलकडे न वळता गाडी सरळ तिकडे घातली.

“तुला सांगितलं होतं ना, मध्ये थांबायचं नाही म्हणून?”

“आवो, पर माहेरवाशीन हाय ती. गावात आईचं घर असताना हॉटेलात उतरली तर लोक काय म्हनतील? मला वाटलं, बाई लाजत असंल. आदी घरला सोडावी, सामान मागनं आनावं.”

त्याच्या आवाजात जरासुद्धा खोट नव्हती. मला त्याचा राग आला होता, तरी एक कळत होतं. सोलापूरकडच्या कुठल्याही ड्रायव्हरनं हेच केलं असतं. आपल्या गावात आपलं माणूस असताना भाड्याच्या खोलीत उतरणं ही इथं नातलगांच्या तोंडात मारल्यासारखी गोष्ट. तो त्याच्या परीनं बाईंची अब्रू राखायला गेला होता.

पुढचं बाईंनी स्वतः सांगितलं. रात्रीचं जेवण त्यांनी परत पाठवलं, म्हणून मी चहा घेऊन वर गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, जाग आली ती मागांच्या खटखटीनं. वाटलं स्वप्नच आहे. डोळे उघडले तर समोर घर. इरण्णा खाली उतरून गल्लीला ओरडून सांगत होता की तुमची पोरगी आलीया. बायका दारात आल्या. माग थांबले. भाऊ बाहेर आला. तो बहिणीशी एक शब्द बोलला नाही. त्यानं गाडीच्या दारावर रंगवलेलं आमच्या हॉटेलचं नाव वाचलं आणि इरण्णाला मराठीत म्हणाला, गाडी हॉटेलची हाय न्हवं? मग तितंच न्या.

“आई घरात नव्हती,” बाई म्हणाल्या. “विड्या द्यायला ब्रँचवर गेली होती.”

मी इरण्णाच्या वतीनं माफी मागितली.

“त्याला काही बोलू नका. चूक माझी. तू कुणाची, हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तिकडे नाव विचारतात, पासपोर्ट विचारतात. त्यानं विचारलं आणि मला इतकं बरं वाटलं, की सांगून टाकलं.”

मी कप ठेवून खाली आलो. मलाही त्या गावात तसं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. सुरुवातीला सगळ्यांनी विचारलं, मी कोकणातलं गाव सांगितलं, त्यांच्या ओळखीचं काही निघालं नाही आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी विडीच्या ब्रँचवर गेलो. बायका टोपल्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. येमूल आजी कुठे आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. आज त्यांचा मुलगाच माल देऊन गेला, असं एकीनं सांगितलं. म्हणजे दार बंद झालं होतं. मी त्या बाईला हॉटेलचं नाव सांगितलं आणि एवढंच म्हणालो, की त्यांची मुलगी उद्या सकाळी परत चाललीय. ती माझ्याकडे न बघता टोपलीतल्या विड्या मोजायला लागली.

तो दिवस बाईंनी खोलीत काढला. जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांचं दार किलकिलं व्हायचं. वेटर असायचा, नाहीतर सोळा नंबरचा सुताचा व्यापारी. संध्याकाळी त्या खाली येऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. विलायतेतल्या थंडीबद्दल थोडं बोलल्या. मी कोकणातल्या पावसाबद्दल थोडं बोललो. दोघांचंही लक्ष बोलण्यात नव्हतं.

सकाळीच निघून पुण्याहून विमान गाठायचं होतं. रजा मोजकी होती, पुढची तिकिटं पक्की होती. इरण्णानं सामान डिकीत ठेवलं. बाई बिल चुकतं करून वळल्या, आणि दारात एक म्हातारी उभी होती. नऊवारी, कडेवर विड्यांची टोपली. ब्रँचवरच्या बाईनं निरोप पोचवला होता आणि ब्रँचला जाते सांगून ती घरातून निघाली असणार. फरशी खराब होईल असं वाटून तिनं चपला बाहेर काढल्या होत्या.

“अम्मा,” बाई म्हणाल्या.

मायलेकी एकमेकींना बिलगतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. म्हातारीनं टोपली खाली ठेवली, मुलीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, तिच्या दंडाला हात लावला. दोघी तेलुगूत काहीतरी बोलल्या. मग म्हातारी एकदम माझ्याकडे वळली, पंचांकडे न्याय मागावा तशी.

“तुमी सांगा, सायेब. घर हाय, आई जित्ती हाय, आन पोरगी हॉटेलात उतरती. ल्योक म्हनला, दारातनं मोटार गेली, खालीसुदीक उतरली न्हाय. हितं काय सोनं लागलंय व्हय?”

मी बाईंकडे पाहिलं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं त्यांना. दारात इरण्णा उभा होता. त्याचे डोळे भरले होते. तो पुढं झाला आणि म्हणाला, “आवो आजी, मी सोता त्यांस्नी...”

“इरण्णा,” बाई म्हणाल्या, “गाडी सुरू करा.”

तो मागं सरला. मग त्या आईला मराठीतच म्हणाल्या, म्हणजे आम्हा दोघांनाही ते कळावं आणि तसंच राहावं, “बुकिंग हॉटेलचं होतं, अम्मा. मला घाई होती. चुकलंच माझं.”

म्हातारीला राहायचं होतं त्या मुलाजवळच. तिची भाकरी त्याच्या चुलीवर. त्याच्याबद्दल तिच्या मनात काही येऊ नये, म्हणून बाईंनी आईचा रुसवा स्वतःवर घेतला आणि तो बरोबर नेला. एवढ्या लांबून येऊन त्यांच्या पदरात पडलं ते एवढंच. मला त्या क्षणी भावाच्या घरी जाऊन त्याची मानगूट धरावीशी वाटली होती. पण हॉटेलचा मॅनेजर असलं काही करत नाही. तो गाडीचं दार उघडतो. मी उघडलं.

गाडी गेल्यावर म्हातारी पायरीवर उभीच राहिली. टांगा बोलवू का विचारलं, तर नको म्हणाली, ब्रँचवर माल द्यायचा होता. टोपली उचलताना तिनं विचारलं, “पुन्यांदा आली तर हितंच उतरंल का?”

उतरतील म्हणालो.

“मग मला सांगा.”

इरण्णाला मी नोकरीवरून काढलं नाही. पण त्या दिवसापासून नियम केला, प्रवाशाला हवापाणी विचारावं, तो कुणाचा ते विचारू नये. गाडी सांगितलेल्या पत्त्यावर न्यावी, तो पत्ता आपल्याला कितीही चुकीचा वाटला तरी. घर कुठलं हे ज्याचं त्याला माहीत असतं. पुढं मोठ्या हॉटेलांत गेलो, विमानतळाचे पिक-अप रोजचे झाले, तरी नियम तोच ठेवला. ड्रायव्हर मला माणूसघाणा म्हणायचे.

राजमणी येमूल यांचं बुकिंग पुन्हा आलं नाही. म्हातारी मात्र यायची. ब्रँचवरून परतताना वाट वाकडी करून दाराशी थांबायची, चपला काढायची आणि विचारायची, “बुकिंग हाय का?” तो शब्द ती आमच्याच दारात शिकली होती. मी रजिस्टर उघडून पाहिल्यासारखं करायचो आणि नाही म्हणायचो. तीन वर्षांनी ती नोकरी सोडली, तेव्हा नव्या मॅनेजरला चाव्या दिल्या, हिशेब दिला आणि सांगितलं, एक आजी येतील, बुकिंग विचारतील. नाही म्हणण्याआधी त्यांना बसायला सांगा.