विहीणबाईंशी बोलण्यापुरतं पोर्तुगीज

चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना रेडिओमास्तर म्हणत. बायको गेल्यावर लेकीनं त्यांना परदेशात आपल्याकडे आणलं. चौथ्या मजल्यावरचं घर, तीन खोल्या. लेक आणि जावई सकाळी आठला बाहेर पडत, ते सातला परत. मधले अकरा तास घरात दोनच माणसं: मास्तर आणि जावयाची आई, म्हणजे त्यांच्या विहीणबाई. त्यांना फक्त पोर्तुगीज येई आणि मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. समोरासमोर आले की दोघं मान हलवत आणि आपापल्या खोलीचं दार लोटून घेत.

एके दुपारी विहीणबाई रिमोट घेऊन दारात उभ्या राहिल्या. "पिफो!"

मास्तरांना वाटलं, घरात शिरलेल्या मांजराला त्या हुसकावताहेत. ते पलंगाखाली वाकून बघू लागले. शेवटी लेकीला फोन लावला.

"बाबा, पिफो म्हणजे बंद पडलं. टीव्ही बंद पडला असेल. कामात आहे हो मी."

टीव्हीची वायर सैल झाली होती, दोन मिनिटांचं काम. पण लेकीचा तो 'हो' मास्तरांना दिवसभर टोचत राहिला.

संध्याकाळी त्यांनी वही काढली. "पुस्तकी भाषा नको मला. घरात बोलतात तसं सांग."

लेक सांगे आणि जावई हसत हसत उच्चार सुधारे. नेट गेलं की 'कायू', म्हणजे पडलं. "आपलं नेट जातं, यांचं पडतं होय? लागलं तर नाही ना कुठं?" मास्तर म्हणाले. काही अडकलं की 'त्रावो'. बंद करून पुन्हा चालू करा, 'जेसलिगा ई लिगा'. महिन्याभरात आठ पानं भरली. लेकीला फोन करायची वेळ येईनाशी झाली. पण यंत्र सुरू झालं की बोलणंही संपे. पुढचं बोलायला वहीत शब्दच नव्हते.

मग एकदा विहीणबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत बसलेल्या दिसल्या. समोर एक जुना फोन.

"त्रावो?" मास्तरांनी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "पिफो," त्या अगदी हळू म्हणाल्या.

फोनच्या चार्जिंगच्या भोकात मळ ठासून बसला होता. दात कोरायच्या काडीनं तो उकरायला अर्धा तास गेला. पडदा उजळला, पण वायर जरा हलली की विझे. म्हणून दोघं भिंतीतल्या प्लगपाशी जमिनीवरच बसली. विहीणबाईंनी बोट टेकवलं आणि एका म्हाताऱ्या माणसाचा वैतागलेला आवाज आला. "त्रावो जी नोवू. कादे वोसे?"

त्यांनी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. मास्तरांना त्यातला एकच शब्द कळला. उठून जावंसं वाटलं, पण वायर त्यांनीच बोटानं दाबून धरली होती. सोडली असती तर आवाज गेला असता. ते भिंतीकडे बघत बसून राहिले.

लेक आल्यावर त्यांनी ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"मामंजींचा शेवटचा मेसेज, बाबा. 'पुन्हा अडकलाय हा. कुठं आहेस तू?' टीव्हीबद्दल असणार. तो फोन कायमचा गेला असंच आम्ही धरून चाललो होतो."

मास्तरांजवळ बायकोचा आवाज कुठंच नव्हता. शेकडो टेपरेकॉर्डर हाताखालून गेले, पण तिला त्यात चार शब्द बोल असं कधी म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात विहीणबाईंच्या थोरल्या मुलाला बाळ झालं आणि त्या तिकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. निघताना मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून त्या बरंच काही बोलल्या. गाडी खाली उभी होती, अर्थ सांगायला कुणी थांबलं नाही.

आता अकरा तास मास्तर एकटेच. टीव्ही नीट चाले, नेट नीट चाले. एका संध्याकाळी त्यांनी लेकीला विचारलं, "ख्यालीखुशाली कशी विचारतात गं?"

"ता तुदू बेईं आई."

"शेवटी आई कशाला?"

"आई म्हणजे तिकडे, बाबा. तिकडे सगळं ठीक ना?"

दोन दिवस घोकून तिसऱ्या दुपारी त्यांनी फोन लावला आणि वाक्य एका दमात म्हणून टाकलं. मग विहीणबाई बोलू लागल्या, सावकाश, मध्येच नाक ओढत, मध्येच हसत. मास्तरांना एक अक्षर कळलं नाही. अधूनमधून हुंकार देत, त्यांचं बोलून होईपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले.